आभाळाची मोजणी : शेजारच्या बटु दीर्घिका किती दूर, किती वेगात

मी भूकरमापक होतो. पारोळा, एरंडोल, चाळीसगाव या तालुक्यांतल्या शिवारांत आयुष्य गेलं. सुरुवातीला तेहेतीस फुटांची शंकू साखळी आणि फलक, शेवटच्या काही वर्षांत ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीन. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात आम्ही सगळे घराच्या धाब्यावर झोपलो होतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या डोंगराकडे दक्षिणेला नरतुरंग तारकासमूह वर आला होता. माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, आभायमा बांध कोठे शे?" म्हणजे आभाळात हद्दीचा बांध कुठे आहे? मला उत्तर देता आलं नाही. पुढची चार वर्षं मी त्या एका प्रश्नामागे आहे. त्यात जे हाताला लागलं ते इथे मांडतो, म्हणजे तुम्हालाही घरी बसून हीच मोजणी करता येईल.

यासाठी दुर्बीण लागत नाही. हबल दुर्बिणीनं शेजारच्या शेकडो दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्यांचे, फोटो काढून ठेवलेत, त्यांतल्या एकेका ताऱ्याची प्रत (तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा उजळ) मोजून झाली आहे आणि ते तक्ते सगळ्यांसाठी खुले आहेत. एक साधा लॅपटॉप, लिब्रेऑफिस किंवा एक्सेल आणि अकरावीपुरतं त्रिकोणमिती-लॉगचं ज्ञान एवढं पुरतं. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकलेलं असतं, त्या काळात हे काम फार छान होतं.

आधी एक पथ्य सांगतो. अंतर आणि वेग या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एकीचा आकडा दुसरीत घालू नका. लांबच्या दीर्घिकांसाठी खगोलशास्त्रज्ञ वेगाला हबल स्थिरांकानं (विश्व किती झपाट्यानं पसरतं त्याच्या आकड्यानं) भागून अंतर काढतात, आणि तिथे ते चालतं. शेजारपाजारी मात्र एकमेकांच्या ओढीत असतात, त्यामुळे तो भागाकार फसवतो. सप्तर्षींत यूजीसी ४८७९ नावाची एक बटु, म्हणजे लहानशी, दीर्घिका आहे. जुन्या नोंदीत तिचा वेग सेकंदाला ६०० किलोमीटर लिहिलेला होता, म्हणून ती साधारण १ कोटी पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) असल्याचं सगळे धरून चालले होते. २००८ साली रशियातल्या सहा मीटरच्या दुर्बिणीनं तिच्यातले तारे सुटे सुटे दिसले. ती निघाली अकरा-तेरा लाख पार्सेकवर, म्हणजे आपल्या अंगणाच्या कडेला. वेगाची नोंदही चुकीची होती. सूर्यावरून मोजलं तर ती किंचित आपल्याकडेच येते आहे. वर्षानुवर्षं शेजारीण आणि आपण तिला परगावची समजत होतो. ही हकिगत वाचली तेव्हा रात्री झोप लागली नाही, कारण अशीच चूक मी शिवारात केलेली आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गटाची मोजणी मी हललेल्या दगडावरून सुरू केली होती. दोन भावांत त्यावरून पाच वर्षं वाद चालला. त्या दिवसापासून, दगड जागेवर आहे का हे दुसऱ्या वाटेनं तपासल्याशिवाय मी साखळी टाकली नाही.

अंतरासाठी आपला दगड कोणता? तांबडे राक्षसी तारे. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो आणि उजळत जातो. त्याच्या गाभ्यात हेलियमची राख साठत राहते. गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.४८ पटीच्या आसपास पोचलं की तो हेलियम एकदम पेटतो आणि तारा पटकन मंद होतो. हा पेटण्याचा क्षण गाभ्याच्या वस्तुमानावर ठरतो, तारा मुळात केवढा होता यावर फारसा नाही. त्यामुळे कुठल्याही दीर्घिकेतले म्हातारे तारे एका ठरावीक तेजापर्यंत चढतात आणि तिथे थांबतात. अवरक्ताच्या अलीकडच्या 'आय' पट्ट्यात हा माथा निरपेक्ष प्रत (तारा १० पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती) उणे ४.०५ च्या जवळ असतो. १९९३ साली ली, फ्रीडमन आणि मॅडोर यांनी ही पद्धत नीट बसवून दिली.

हा दगड पक्का कशावरून? त्याच्या मागे आणखी दगड आहेत. मोठ्या मॅगेलन मेघातल्या ग्रहणकारी जोडताऱ्यांवरून त्या मेघाचं अंतर ४९.५९ हजार पार्सेक इतकं एका टक्क्याच्या आत ठरलं आहे. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेत कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेचे रेडिओ ठिपके आहेत. त्यांच्या फिरण्याच्या भूमितीवरून ती ७५.८ लाख पार्सेकवर आहे असं निघतं. दोन्हीकडून येऊन माथ्याचं तेज तेवढंच येतं. दोन वेगळ्या रेषा एकाच खुणेवर मिळाल्या की मोजणीदाराचा जीव भांड्यात पडतो.

आता प्रत्यक्ष कृती. मी कुंभ राशीतली बटु दीर्घिका घेतली, सूचीत तिचं नाव डीडीओ २१०. ती का घेतली ते पुढे कळेल. अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठाच्या 'एक्स्ट्रागॅलॅक्टिक डिस्टन्स डेटाबेस' या साठ्यावर रंग-प्रत आलेखांची सूची आहे. तिथून दीर्घिकेच्या ताऱ्यांचा तक्ता उतरवून घ्या. त्यात प्रत्येक ताऱ्याच्या दोन प्रती असतात: एफ६०६डब्ल्यू गाळणीतली आणि एफ८१४डब्ल्यू गाळणीतली. दुसरी गाळणी म्हणजे जवळपास 'आय' पट्टा. दोन्ही प्रतींची वजाबाकी केली की ताऱ्याचा रंग मिळतो.

पहिला आलेख काढा. आडवा रंग, उभी एफ८१४डब्ल्यूची प्रत, उजळ तारे वर. तांबड्या राक्षसांची फांदी उजवीकडे कलत वर चढताना दिसेल आणि एका उंचीवर ताऱ्यांची दाटी तुटलेली दिसेल. ती रेघ मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. बत्तीस लाख वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडात आखलेली रेघ, आणि ती चाळीसगावच्या टेबलावर.

डोळ्याला दिसली म्हणून तीच खरी असं मात्र धरू नका. आधी तक्ता निवडून घ्या. ज्या ताऱ्याच्या प्रतीतली चूक ०.१ हून जास्त आहे तो काढा. निळसर तारे काढा, ते तरुण असतात आणि त्यांचा माथ्याशी संबंध नाही. दीर्घिकेच्या मधल्या गर्दीतले तारेही शक्यतो टाळा. तिथे दोन तारे चिकटून एकच दिसतात, तो एक तारा खोटा उजळ ठरतो आणि दीर्घिका आहे त्यापेक्षा जवळची वाटते. कडेचे तारे थोडे असले तरी प्रामाणिक असतात.

मग प्रतीचे ०.०५ रुंदीचे कप्पे करा आणि कप्प्यागणिक तारे मोजा. प्रत्येक कप्प्यासाठी खालच्या कप्प्याच्या संख्येतून वरच्या कप्प्याची संख्या वजा करा. जिथे ही वजाबाकी सगळ्यात मोठी येते, तिथे माथा. याला सोबेल गाळणी म्हणतात. नाव मोठं असलं तरी काम एका स्तंभाच्या सूत्रात होतं. आकडे फार उड्या मारत असतील तर शेजारच्या तीन कप्प्यांची सरासरी घ्या. एक अट मात्र पाळा: माथ्याच्या खाली एका प्रतीच्या पट्ट्यात निदान शंभर तारे हवेत. त्याहून कमी असतील तर कड दिसते ती योगायोगाचीही असू शकते.

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. माथ्याच्या वरही थोडे तांबडे तारे असतात, म्हातारपणाच्या पुढच्या पायरीवरचे. फोटो उथळ असेल, म्हणजे खरा माथा फोटोच्या मर्यादेच्या जवळ किंवा खाली असेल, तर त्या वरच्या ताऱ्यांचीच कड माथा समजली जाते. फोटो तुम्ही धरलेल्या माथ्याच्या खाली निदान एक प्रत पोचतो का, हे आधी बघा. पोचत नसेल तर ती दीर्घिका बाजूला ठेवा.

डीडीओ २१० चा माथा मला २१.० च्या जवळ मिळाला. त्यातून धुळीची वजावट करायची. आपल्याच आकाशगंगेतली धूळ मागच्या ताऱ्यांना मंद करते. तिचा नकाशा १९९८ साली श्लेगेल आणि सहकाऱ्यांनी केला आणि २०११ मध्ये तो सुधारला गेला. दिशा टाकली की आकडा मिळतो. या दिशेला वजावट साधारण ०.०८. उरले २०.९२. त्यातून उणे ४.०५ वजा केले की अंतर-मापांक २४.९७. त्यात ५ मिळवा, ५ नं भागा, दहाचा तेवढा घात करा. अंतर येतं ९ लाख ८६ हजार पार्सेक, म्हणजे सुमारे ३२ लाख प्रकाशवर्षं. तज्ज्ञांचे छापील निकाल ९ लाख ४० हजार ते १० लाख ७० हजार पार्सेक या दरम्यान आहेत. माझा आकडा त्यात बसला त्या दिवशी घरात शिरा झाला.

चूक किती धरायची तेही लिहा. माथा ०.१ प्रतीनं इकडेतिकडे झाला तर अंतर ५ टक्क्यांनी सरकतं. इथे ते ५० हजार पार्सेक होतात. टिपणावर चूक लिहिलेली नसेल तर ते टिपण अर्धवट.

वेगाची मोजणी आपल्याला दुसऱ्याच्या वहीतून घ्यावी लागते, पण ती वही कशी भरली जाते ते कळायला हवं. बटु दीर्घिकांत हायड्रोजन वायू असतो. तो १४२०.४ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. दीर्घिका आपल्याकडे येत असेल तर हा आकडा वाढतो, दूर जात असेल तर घटतो. डीडीओ २१० कडून येणारी लहर साधारण १४२१.०७ ला सापडते. फरक भागिले मूळ आकडा, गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला १४० किलोमीटर, आपल्या दिशेनं. मला अभिमान वाटतो तो असा की या दीर्घिकेचा वायू आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या जीएमआरटीनं मोजला आहे. ४५ मीटरच्या ३० थाळ्या आहेत तिथे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर, इगोर कराचेन्त्सेव आणि सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीतून ६५ मंद बटु दीर्घिकांचं सर्वेक्षण केलं, ते २००८ साली प्रसिद्ध झालं. तुम्ही ते जरूर शोधून वाचा.

वहीतले वेग हायपरलेडा किंवा नेड या साठ्यांत मिळतात. ज्यांचा वेग शून्याच्या जवळ आहे त्यांची नोंद दोनदा तपासा, कारण आपल्या आकाशगंगेतला हायड्रोजनही त्याच वेगांवर दिसतो आणि एखादा जवळचा वायूचा ढग दीर्घिकेच्या नावावर चढू शकतो.

हा वेग सूर्यावरून मोजलेला असतो, आणि आपला सूर्य स्वतः पळतो आहे. चालत्या बैलगाडीतून दुसऱ्या गाडीचा वेग ठरवायचा तर आपल्या गाडीचा वेग आधी काढून टाकायला हवा. १९९६ साली कराचेन्त्सेव आणि मकारोव यांनी स्थानिक समूहाच्या (आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या आसपासच्या दीर्घिका यांच्या) मानानं सूर्याचा वेग दिला: सेकंदाला ३१६ किलोमीटर, आकाशगंगीय रेखांश ९३ अंश आणि अक्षांश उणे ४ अंश या दिशेनं. त्या दिशेत आणि दीर्घिकेच्या दिशेत जो कोन असेल त्याची कोज्या (कोसाइन) काढा, ३१६ नं गुणा आणि सूर्यावरून मोजलेल्या वेगात मिळवा. एक्सेलला कोन अंशांत चालत नाही, आधी रेडियनमध्ये बदलून घ्या. माझे सुरुवातीचे दोन महिने यातच गेले.

आता टिपण मांडू या. उणे म्हणजे आपल्याकडे, अधिक म्हणजे दूर. देवयानी दीर्घिका सूर्यावरून मोजली तर सेकंदाला ३०० किलोमीटरनं येते आहे, १९१२ साली स्लायफरनं प्रथम मोजलं तेही तेवढंच. दुरुस्तीनंतर उरतात उणे ३४, अंतर ७ लाख ८० हजार पार्सेक. डीडीओ २१०: उणे १४० अधिक १५०, म्हणजे अधिक १०. वासुकीतली एनजीसी ३१०९ उलट्या बाजूला आहे. तिचे ४०३ होतात ११०, अंतर १३ लाख ३० हजार पार्सेक.

हे तीन ठिपके अंतर आडवं आणि वेग उभा धरून कागदावर काढा. जवळचा ठिपका शून्याच्या खाली, लांबचा वर, आणि डीडीओ २१० जवळजवळ शून्याच्या रेघेवर. भाच्यानं विचारलेला बांध हाच. त्याच्या आत गुरुत्वाकर्षण दीर्घिकांना परत ओढतं, त्याच्या बाहेर विश्वाचं प्रसरण त्यांना घेऊन जातं, आणि नेमक्या बांधावर दीर्घिका क्षणभर उभी असल्यासारखी. २००९ साली कराचेन्त्सेव आणि सहकाऱ्यांनी अशा पुष्कळ ठिपक्यांवरून हा बांध स्थानिक समूहाच्या मध्यापासून ९ लाख ६० हजार पार्सेकवर ठरवला. त्यावरून समूहाचं सगळं वस्तुमान निघतं, सूर्याच्या सुमारे १.९ लाख कोटी पट. काटेकोर करायचं असेल तर अंतर आपल्यापासून न मोजता आकाशगंगा आणि देवयानी यांच्या मधल्या गुरुत्वमध्यापासून मोजा. कोसाइनचा नियम लावला की ते जमतं.

समूहांसाठी वेगळी काळजी. एम८१ आणि एम८२ ही सप्तर्षींतली जोडी दोन्ही साधारण ३६ लाख पार्सेकवर. सूर्यावरून एम८१ चा वेग उणे ३४, एम८२ चा अधिक २०३. दुरुस्ती दोघांना सारखीच, सुमारे १४२. म्हणजे एक १०८ आणि दुसरी ३४५. दोघी एकाच गावच्या, पण गावातल्या गावात फिरताहेत. नुसत्या एम८१ वरून हबल स्थिरांक काढला (वेग भागिले ३.६, म्हणजे दहा लाख पार्सेकमधलं अंतर) तर ३० येतो, नुसत्या एम८२ वरून ९६. दोघींची सरासरी घेतली तर ६३. मान्य आकडा ७० च्या आसपास आहे, त्याच्या बरीच जवळ. दोन ठिपक्यांची सरासरी इतकी नीट येणं हा थोडा योगायोग आहे, तेव्हा समूहातल्या मिळतील तेवढ्या बटु दीर्घिका घ्या आणि त्यांच्या वेगांची मधली किंमत काढा. अंतर मात्र प्रत्येकीचं स्वतंत्र हवं, समूहाचं म्हणून एकच अंतर सगळ्यांना लावू नका. नरतुरंगातल्या समूहाची मुख्य दीर्घिका ३८ लाख पार्सेकवर आहे आणि तिचा वेग ५४७ चा दुरुस्तीनंतर ३०१ होतो. एप्रिलच्या रात्री ती आपल्या दक्षिण क्षितिजापासून सव्वीस अंशांवर येते. बांध विचारला त्या रात्री आम्ही तिच्याकडेच तोंड करून पडलो होतो.

इथवर जे मोजलं ते नजरेच्या रेषेतलं येणं-जाणं. आडवी गती हवी असेल तर गाया उपग्रहाचा साठा उघडा, २०२२ चा तिसरा. ही मोजणी मुख्यतः आकाशगंगेच्या जवळच्या उपदीर्घिकांसाठी नीट जमते. शिल्पकार बटु दीर्घिका घ्या, शेपलीनं १९३८ साली जाहीर केलेली. तिच्या भोवतीचे तारे मागवा, ज्यांचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सरकणं) शून्याहून स्पष्ट वेगळा आहे ते जवळचे म्हणून काढा, रंग-प्रत आलेखात तिच्या फांदीवर बसणारे ठेवा. निजगतींच्या (ताऱ्यांच्या आभाळावरच्या आडव्या सरकण्याच्या) आलेखात एक घट्ट ढीग दिसेल. त्याचा मध्य वर्षाला पूर्वेकडे ०.१० आणि दक्षिणेकडे ०.१६ सहस्रांश विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). दोन्हींचे वर्ग मिळवून मूळ काढा, ४.७४ नं गुणा, हजार पार्सेकमधल्या अंतरानं म्हणजे ८६ नं गुणा. सेकंदाला सुमारे ७७ किलोमीटर. यातही सूर्याचीच धाव मिसळलेली आहे. गायाच्या मोजणीत ०.०२ इतकी अंगची चूक राहते, ती शिल्पकारासाठी ८ किलोमीटर होते. मघा नक्षत्राला अगदी चिकटून असलेली सिंह-१ अडीच लाख पार्सेकवर आहे, तिच्यासाठी तीच चूक २४ होते. कुंभातल्या आपल्या दीर्घिकेसाठी ती ९० च्या वर जाते. त्यापुढे आडव्या गतीचा नाद सोडलेला बरा.

पाटणादेवीला १२०७ साली भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, सिद्धान्तशिरोमणी शिकवण्यासाठी मठ काढला. तो शिलालेख मी कितीदा वाचलाय. पुढच्या पावसाळ्यात चाळीसगाव तालुक्यातल्या काही मुलांना घेऊन यूजीसी ४८७९ ची मोजणी करायची आहे. तुम्हीही ती घ्या. वेग उणे ३० च्या आसपास धरा, दुरुस्ती ५७ येईल. तिचा ठिपका डीडीओ २१० च्या बराच उजवीकडे पडेल, पण वेगानं एनजीसी ३१०९ च्या खूप खाली. दोघी जवळपास सारख्याच अंतरावर, तरी एक ११० नं जाते आणि दुसरी तिच्या पावपटीनं. माथा पुन्हा तपासा, धुळीची वजावट पुन्हा तपासा, अंतर गुरुत्वमध्यापासून मोजून बघा. मी तिन्ही केलंय, ठिपका तिथेच आहे.